बाळंतिणीची घरपोच सेवा: पैसे मालिशीचे नव्हेत

वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात बचत गटातल्या तीन बायका बाळंतिणीची घरपोच सेवा करतात. आमच्या सुनेच्या बाळंतपणात आम्ही त्यांना बोलावलं होतं. गटाचं नाव इथे लिहीत नाही. हाताला पेलतील तेवढीच घरं त्या घेतात आणि ओळखीपाळखीतून येणारीच त्यांना पुरतात, जाहिरात नको असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पण अशी सेवा आता कोकणात इतरही गावांत मिळू लागली आहे. ती घ्यावी का, घेताना काय पाहावं आणि आपण नेमके कशाचे पैसे देतो, हे मला नीट सांगावंसं वाटतं. हायस्कुलात मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे या कामाकडे मी त्याही नजरेने पाहिलं.

आधी व्यवहार. फक्त सकाळची फेरी, म्हणजे बाळाची आणि बाळंतिणीची मालीश, आंघोळ, शेक, असं सगळं मिळून 500 रुपये. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा थांबायचं तर 900. रात्रपाळी 1,000. घाण्याचं खोबरेल, शिकेकाई, हळीव, डिंक आपण आणायचं. जेवण-चहा आपल्याकडे. पैसे आठवड्याला रोख किंवा फोनवरून, कसलीही घासाघीस नाही. वेळेला पक्क्या. श्रावणातल्या पावसात साकवावरून पाणी गेलं तेव्हा एकदाच उशीर झाला, तोही फोन करून.

आमच्या घरची अडचण अशी की मुलगा जहाजावर इंजिनिअर, बाळाच्या जन्माच्या वेळी भर समुद्रात. सून नागपूरकडची, तिची आई हयात नाही, म्हणून पहिलं बाळंतपण माहेराऐवजी माझ्याकडे. माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, खाली बसता येत नाही. वाडीतली निम्मी घरं वर्षभर कुलपात, ती उघडतात ती चतुर्थीला आणि मे महिन्यात. मी स्वतः बाळंतीण होते तेव्हा याच घरात सासूबाई, दोन जावा, विधवा आत्या आणि पाणंदीपलीकडची काकी अशी माणसं होती. बाळ सदैव कुणाच्या तरी मांडीवर असायचं आणि मला ते मागून घ्यावं लागायचं. त्या घरातली मी एकटी उरले आहे.

तिघींपैकी थोरली साठीच्या पुढची, सुईणीच्या घरातली. तिचं काम पाहण्यासारखं आहे. न्हाणीत पाट मांडून ती पाय लांब पसरून बसते, लुगड्याचा काचा घट्ट, आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालते. तेल आधी स्वतःच्या तळव्यांवर चोळून ऊन करते. मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे वरून खाली, मांड्यांवर मूठ वळवून, तळपायाला चिमटीभर दाब. जोर कुठेच नाही. पाणी घालायच्या आधी कोपर बुडवून पाहते आणि डोक्यावर पाणी घालताना डाव्या हाताची ओंजळ बाळाच्या कपाळाशी आडवी धरते, म्हणजे डोळ्यात थेंब जात नाही. आमचा नातू पहिले काही दिवस किंचाळायचा, पुढे पाण्याचा आवाज ऐकला की गप्प होऊन वाट पाहू लागला. सुनेच्या पोटऱ्या आणि कंबर ती अशी रगडायची की सून तिथेच पेंगायची. या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

पण पैसे वसूल झाले ते या कामात नाही. आंघोळ आटोपली की थोरली बाळाला दुपट्यात गुंडाळून घ्यायची आणि सुनेला म्हणायची, "पेज जेवलंस काय गो? जेव आणि वायच नीज. हो माझ्याकडे रवतलो." उकड्या तांदळाची पेज, मेतकूट, कधी कुळथाची पिठी, कधी शेवग्याच्या पाल्याची भाजी. मग सून दोन तास आडवी आणि बाळ थोरलीकडून मधलीकडे, मधलीकडून माझ्याकडे. रडलं तर दूध पाजायची वेळ झाली आहे की नुसतं उचलून घ्यायला हवं आहे, हे आधी आम्ही पाहायचो. प्रत्येक रडण्याला सुनेला उठवलं जात नसे.

लोक याला चोचले म्हणतात. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी मला तोंडावर विचारलं, की आईला स्वतःचं मूल सांभाळायला माणसं कशाला लागतात? मला त्यांना शांतपणे उत्तर द्यायचं आहे. लागतात, आणि माणूस माणूस झाला तेव्हापासून लागत आली आहेत.

चिंपांझीची आई पिल्लाला पहिले काही महिने अंगावेगळं करत नाही, दुसऱ्या मादीच्या हाती सहसा देतच नाही. पण तिला दुसरं पिल्लू व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवर पहिलं आपलं आपण खाऊ लागलेलं असतं. माणसाचं उलट. शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या समाजांत दोन मुलांमध्ये तीन-चार वर्षांचं अंतर असतं आणि त्या वयाचं मूल स्वतःच्या पोटापुरतं मिळवू शकत नाही. एक मूल स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत त्याला अंदाजे 1 कोटी 30 लाख कॅलरी लागतात. एका बाईने एकटीने रानातून एवढं आणणं अशक्य. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सारा ब्लॅफर हर्डी यांनी हे फार स्पष्ट मांडलं आहे: आईखेरीज इतरांनी बाळाला धरलं, भरवलं, राखलं नसतं तर आपली जात टिकलीच नसती. त्यांनी सुरुवातीचं काम 1970 च्या दशकात राजस्थानात अबूच्या डोंगरावर वानरांवर केलं होतं. आमच्या परसातल्या फणसावर वानरांची टोळी येते, तेव्हा मीही पाहिलं आहे, नुकतं झालेलं पिल्लू दुसऱ्या माद्या आईकडून ओढून घेतात, उराशी धरून बसतात. पण वानरीण दुसरीच्या पिल्लाला खाऊ घालत नाही. दक्षिण अमेरिकेतली मार्मोसेट आणि टॅमरिन ही चिमुकली माकडं मात्र एकमेकांची पिल्लं वाहतातही आणि भरवतातही, आणि या बाबतीत आपण चिंपांझीपेक्षा त्यांच्यासारखे आहोत.

मध्य आफ्रिकेत काँगोच्या जंगलात बायाका नावाचे लोक आजही रानावर जगतात. त्यांच्या तान्ह्या मुलांचा अभ्यास निखिल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या बाळांना दिवसाकाठी सुमारे 9 तास कुणाचा तरी स्पर्श किंवा जवळून लक्ष मिळत होतं, आणि ते देणारे हात एकेका बाळामागे 15 पर्यंत होते. रडण्याला धावून जाण्यातही इतरांचा मोठा वाटा होता. हे वाचताना मला माझ्या जावा आठवल्या. आमचा नातू आणि त्याची आई चार भिंतींत दोघंच राहिली असती तर ते परंपरेलाही धरून नव्हतं आणि निसर्गालाही. बंद दारामागे एकटी आई ही माणसाच्या इतिहासातली अगदी अलीकडची गोष्ट आहे.

आता ज्याबद्दल लिहायला मी सुनेची परवानगी घेतली आहे ते सांगते. तिसऱ्या आठवड्यात बाळ छान झोपू लागलं आणि सून झोपेनाशी झाली. बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासायची, पाच मिनिटांनी पुन्हा तपासायची. कुणी बाळाला घेऊन मागीलदारी गेलं तर विहिरीकडे बघत बसायची. मला वाटलं नवी आई आहे, जपते आहे. मधलीच्या ते आधी लक्षात आलं. मधली एरवी अबोल, रात्रपाळी तीच करायची. एका सकाळी चहा पिताना मला म्हणाली, "बाई, ह्या पोरीक झोप नाय. बाळ निजलां तरी ही जागीच. ह्यां मालिशीचां काम न्हय, डाक्टराक दाखवया."

या एका वाक्यासाठी मी त्या गटाची जन्मभर ऋणी राहीन.

अशी भीती का येते, याबद्दल रँडॉल्फ नेसी या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांचं म्हणणं मला पटतं. ते धूर ओळखून वाजणाऱ्या भोंग्याचं उदाहरण देतात. पोळी करपली तरी तो बोंबलतो, पण खऱ्या आगीला एकदा गप्प राहण्यापेक्षा शंभरदा उगाच वाजलेला परवडतो. माणसाची काळजी अशीच घडली आहे, आणि तान्ह्या बाळाच्या आईच्या बाबतीत ती सर्वांत हळवी असणार हे उघड आहे. साप, बिबट्या, थंडी, भूक यांत जिने बाळाकडे दहादा वळून पाहिलं तिचं बाळ वाचलं. पण त्या काळी वळून पाहणारे डोळे अनेक होते. रात्री एक जागी असेल तर दुसरी निर्धास्त झोपू शकत होती. आज तोच भोंगा एकाच बाईच्या डोक्यात रात्रंदिवस वाजतो आणि तिला बदली द्यायला कुणी नसतं. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हेगन यांनी तर 1999 मध्ये असं मांडलं की बाळंतपणानंतरचं औदासीन्य, म्हणजे डिप्रेशन, ही मुळात आधार कमी पडत असल्याची खूण असावी, आसपासच्यांना हाक मारण्याची शरीर-मनाची एक रीत. हा विचार सगळ्या तज्ज्ञांना मान्य नाही. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की अशा बाईला "मन घट्ट कर" म्हणण्याआधी तिच्या मदतीला कितीजण आहेत हे मोजावं.

आणि कारण कुठलंही असो, आजार तो आजारच, त्याला उपचार हवेत. बाळंतपणानंतर तीन-चार दिवसांनी रडू येणं, चिडचिड होणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं किंवा झोप पूर्ण उडाली तर थांबू नये. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये झाला, त्यात बाळंतिणींपैकी सुमारे 22 टक्के बायकांमध्ये औदासीन्य आढळलं होतं, म्हणजे पाचांत एकीपेक्षा थोडं जास्तच. तपासायला 1987 मध्ये एडिंबरात तयार झालेली 10 प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, गेल्या 7 दिवसांत कसं वाटलं ते विचारणारी, डॉक्टर तीच वापरतात. आम्ही आधी 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतीच्या क्रमांकावर फोन केला, सून मराठीत मोकळेपणाने बोलली, आणि मग डॉक्टरांना भेटलो. स्तनपान चालू असतानाही घेता येतील अशी औषधं असतात, हे तिला तिथे कळलं आणि तिचं निम्मं ओझं उतरलं. डॉक्टरांनी सांगितलेलं पहिलं काम होतं रात्रीची सलग झोप. मग मधलीने रात्री दहा ते तीन बाळ पूर्णपणे आपल्याकडे घेतलं. सून सुरुवातीला भिंतीपलीकडून कान लावून असायची. मधली अधूनमधून नुसती "हूं" म्हणायची, बाळ ठीक आहे एवढं तिला कळावं म्हणून. त्या "हूं"वर सून हळूहळू झोपू लागली.

आता उणिवा, कारण त्याही आहेत.

धुरी. ओवा, बाळंतशोपा, वावडिंग निखाऱ्यांवर टाकून खोली धुराने भरायची आणि त्यात बाळाला धरायचं, ही जुनी रीत थोरली सोडायला तयार नव्हती. तान्ह्याच्या फुप्फुसाला धूर वाईट, हे मी पहिल्याच दिवशी ठामपणे सांगितलं. शेवटी शेगडी सुनेपुरती, बाळ दुसऱ्या खोलीत आणि खिडकी उघडी, यावर जमलं. कानात-नाकात तेलाचे थेंब आणि बाळगुटी यांनाही मी सरळ नकार दिला. पहिले सहा महिने आईचं दूध, दुसरं काही नाही. थोरली दोन दिवस गाल फुगवून होती, पण काम तेवढंच मनापासून केलं. तुम्ही अशी सेवा घेणार असाल तर हे सगळं पहिल्या भेटीतच बोलून घ्या. मोरीच्या सांबाऱ्याने दूध वाढतं अशी इकडची समजूत आहे, त्यासाठीही आग्रह होईल. मोरी म्हणजे शार्कच, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, तेव्हा बाळंतिणीला ती न दिलेली बरी. बांगडा, तारली, पेडवे खुशाल द्यावेत.

"बाळंतिणीन रडू नये, दूध आटता" हे वाक्य थोरलीच्या तोंडी सारखं होतं. ज्या बाईला आधीच रडू आवरत नाही तिला हे ऐकवणं क्रूर आहे. मी तिला एकटीला गाठून समजावलं. तिने मान डोलावली, वाक्य पूर्ण थांबलं नाही, कमी झालं. गटातल्या तिघींनी बाळंतिणीच्या मनाबद्दल थोडं रीतसर शिक्षण घेतलं तर मधलीची उपजत नजर तिघींची होईल. आशाताई बाळाला पाहायला 42 व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. वजन-ताप पाहताना त्याच भेटीत आईच्या झोपेचीही नोंद घ्यावी, अशी माझी इच्छा आहे.

तिसरी तक्रार सर्वांत मनाला लागलेली. मुलगा जहाजावरून सुट्टीवर आला, बाळाला घ्यायला धावला, तर थोरलीने "पुरुषांचां हयसर काय काम?" म्हणून त्याला पडवीत बसवलं. काम आहे! फिलिपीन्समधल्या सेबू बेटावर 600 हून अधिक पुरुषांना काही वर्षं पाहून ली गेटलर यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं की बाप झाल्यावर पुरुषाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरतं, आणि जे बाप रोज तीन तास किंवा त्याहून जास्त बाळाला सांभाळतात त्यांच्यात ते सर्वांत कमी असतं. पुरुषाचं शरीरही बाळासाठी बदलतं. मी मुलाला न्हाणीत नेऊन पाटावर बसवलं आणि थोरलीला म्हटलं, याला शिकव. तिने शिकवलं. आज तो व्हिडिओ कॉलवर बायकोला सांगतो की ओंजळ कपाळाशी आडवी धर.

एक गोष्ट मला या सेवेत सर्वांत मोलाची वाटते आणि तिचा विचार पैसे देताना कुणी करत नाही. धाकटी दिवसपाळीला यायची तेव्हा तिची स्वतःची दोन वर्षांची मुलगी घरी असायची. कुणाकडे? सासूकडे. टांझानियातल्या, रानावर जगणाऱ्या हाड्झा लोकांत मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी हेच पाहिलं होतं. आईच्या मांडीवर नवं तान्हं आलं की तिची कंदमुळं खणणं कमी होतं, आणि मग मोठ्या मुलाचं वजन वाढणं आजी किती खणते यावर अवलंबून राहतं. मूल होण्याचं वय संपल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते, याचं उत्तर त्यांनी तिथे शोधलं. आमच्या नातवाला धाकटीचे हात मिळाले ते एका न पाहिलेल्या आजीच्या जिवावर. म्हणून मी त्या घरी हळिवाचे लाडू पाठवत असे, आणि धाकटीची मुलगी तापली त्या दिवशी ती आली नाही तरी पैसे कापले नाहीत. तुम्हीही कापू नका. 900 रुपयांत एक नव्हे, दोन घरांच्या बायका राबतात.

एकूण सेवेला मी पाचापैकी साडेचार देईन, अर्धा गुण धुरीचा आणि रडण्याच्या बोलण्याचा गेला. नुसती सकाळची फेरी घेऊन पैसे वाचवू नका. परवडत असेल तर पहिले सहा आठवडे दिवसपाळी, आणि निदान आठवड्यातून दोन-तीन रात्री तरी घ्याच. दोन्ही परवडत नसेल तर मालीश सोडा आणि रात्र घ्या. सातव्या महिन्यातच सांगून ठेवावं लागतं. तारीख भाद्रपदाच्या आसपासची असेल तर चतुर्थीच्या दिवसांत त्या येणार नाहीत, त्यांच्याही घरी गणपती असतो, तेव्हा मुंबईहून येणाऱ्या नणंदा-जावांमध्ये रात्रीच्या पाळ्या आधीच वाटून घ्या. येणाऱ्यांनी हात धुवावेत, सर्दी असेल तर लांब बसावं, बाळाचे मुके कुणी घेऊ नयेत. मांडीवर मात्र सगळ्यांनी घ्यावं.